भेट, विष आणि लग्न: युरोपीय भाषांतील समलेखी शब्दांची पार्श्वभूमी

जी, आय, एफ, टी ही चार रोमन अक्षरे या क्रमाने लिहिली, तर इंग्रजी वाचक त्यांचा अर्थ भेटवस्तू असा लावतो, जर्मन वाचक विष असा लावतो आणि स्वीडिश वाचकासमोर विष व ‘विवाहित’ असे दोन अर्थ उभे राहतात. अशा शब्दांना ‘फसवे मित्र’ म्हणण्याची पद्धत फ्रेंचमधून आली. माक्सीम केस्लेर आणि ज्यूल देरोकिन्यी यांनी १९२८ मध्ये अनुवादकांना सावध करण्यासाठी लिहिलेल्या पुस्तकाच्या शीर्षकात ते शब्द होते आणि तेथून ते रुळले. नाव चटकदार आहे, पण शब्द फसवतो एवढेच त्यातून कळते. तो का फसवतो, हे कळत नाही. कुठे एकच शब्द वाटा फुटून दूर गेलेला असतो, तर कुठे एकमेकांशी कसलेही नाते नसलेले दोन शब्द झिजत झिजत एकाच रूपाला येऊन ठेपलेले असतात, आणि या दोन्ही गोष्टी एकाच नावाखाली घालणे मला तरी सोयीपेक्षा गैरसोयीचे वाटते.

‘गिफ्ट’ हा पहिल्या जातीचा शब्द आहे. जर्मानिक म्हणजे इंग्रजी, जर्मन, स्वीडिश यांच्या कुळातील भाषांमधल्या ‘देणे’ या क्रियापदापासून तो झाला आणि मुळात त्याचा अर्थ देणे किंवा दिलेली वस्तू इतकाच होता. ‘मुलगी कुठे दिली?’ असे आपण विचारतो तेव्हा ‘लग्नात’ हा शब्द उच्चारावा लागत नाही; स्कँडिनेव्हियातही नेमके तेच घडले. जुन्या नॉर्स भाषेत ‘गिप्टा’ म्हणजे मुलगी लग्नात देणे, आणि याच परंपरेतून स्वीडिशमध्ये ‘गिफ्ट’ म्हणजे लग्न झालेला किंवा झालेली. जुन्या इंग्रजीतही या शब्दाचा अर्थ वधूसाठी दिलेले मोल असा होता आणि अनेकवचनात तो लग्नालाच लावत. मात्र त्याचा उच्चार ‘यिफ्ट’च्या जवळचा होता. आजच्या इंग्रजी शब्दातला ‘ग’ नवव्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागांत वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या बोलीतून आलेला आहे.

जर्मनची वाट वैद्यांच्या खलबत्त्यावरून गेली. ग्रीक वैद्यकात औषधाच्या मात्रेला ‘डोसिस’, म्हणजे शब्दशः ‘देणे’, म्हणत. आपल्या ‘दान’ शब्दाचा ‘दा’ धातू आणि त्यामागचा ग्रीक धातू एकाच कुळातले. लॅटिनने तो शब्द उचलला आणि त्याचा अर्थ पुढे जर्मन ‘गिफ्ट’वर चढला. मात्रेवरून मारक मात्रेवर जाणे फार लांबचे नव्हते, कारण विषाचे उघड नाव घेणे माणसे टाळतात. ‘त्याला कोणीतरी काहीतरी दिले’ असे मराठीतही दबक्या आवाजात म्हटले की कोणी ‘काय दिले’ असे विचारत नाही. जुना निरुपद्रवी अर्थ जर्मनमध्ये ‘मिटगिफ्ट’ या शब्दात टिकून आहे आणि त्याचा अर्थ हुंडा असा आहे. इंग्रजी ‘पॉयझन’ची कथाही याच वळणाची आहे, तो फ्रेंचमधून आला आणि त्याचे मूळ लॅटिन ‘पोशियो’, म्हणजे केवळ ‘पेय’, हे आहे.

दुसऱ्या जातीचे उदाहरण थोडे अशिष्ट आहे, परंतु त्याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण. स्वीडनमध्ये आवारात शिरण्याच्या वाटेवर ‘इन्फार्ट’ आणि बाहेर पडण्याच्या वाटेवर ‘उतफार्ट’ असे लिहिलेले असते, गतिरोधकाला ‘फार्टहिंडर’ म्हणतात, आणि इंग्रजी भाषकांना हसू आवरत नाही. स्कँडिनेव्हियन ‘फार्ट’ म्हणजे वेग किंवा प्रवास. तो उत्तर जर्मनीच्या सखल प्रदेशातील भाषेतून तिकडे गेला आणि जर्मन ‘फार्ट’ (प्रवास), इंग्रजी ‘फेअर’ (भाडे) व ‘फेरी’ (पैलतीरी नेणारी नाव) यांचा तो नातलग आहे. या कुटुंबाच्या मुळाशी पलीकडे नेणे हा अर्थ असून संस्कृत ‘पारयति’ आणि आपला ‘पार’ त्याच कुळातले. इंग्रजीतला सारख्याच स्पेलिंगचा शब्द मात्र संस्कृत ‘पर्दते’च्या, म्हणजे मराठी ‘पादणे’च्या कुळातला आहे.

दिसायला एक असलेल्या या दोन शब्दांना वेगळे कसे करायचे, हे युरोपाला एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी समजले. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम एक असावा, असे मांडले होते. त्यानंतर डेन्मार्कचे रास्मुस रास्क यांनी १८१८ मध्ये आणि जर्मनीचे याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये ध्वनिबदलाची शिस्त दाखवून दिली: मूळ ‘प’चा जर्मानिक भाषांत ‘फ’ होतो, ‘द’चा ‘ट’ होतो. म्हणून ‘पाद’ म्हणजे पाऊल याच्यासमोर ‘फूट’ येतो, ‘पितृ’समोर ‘फादर’ येतो आणि ‘पर्द’समोर इंग्रजी ‘फार्ट’ येतो. या दोन विद्वानांनंतर शब्दांचे नाते चेहऱ्यावरून ठरवणे बंद झाले. उलट चेहरा फारच जुळत असेल, तर संशय घ्यावा अशी स्थिती आली, कारण नियमाप्रमाणे तो बदललेला असायला हवा होता. फारसी ‘बद’, जो आपल्या ‘बदनाम’मध्ये आहे, आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचा अर्थही एक आणि ध्वनीही जवळजवळ एक, तरीही त्यांचा परस्परांशी संबंध नाही.

या गोंधळात लिपीचाही वाटा आहे. प्राचीन रोमच्या २३ अक्षरांत लॅटिन लिहिली जात होती. ख्रिस्ती मठांतील लेखनिकांनी तीच अक्षरे थोड्याफार भरीने अगदी निराळ्या ध्वनींच्या भाषांना लावली, आणि मुठीएवढ्या अक्षरांत इतक्या भाषा बसवल्यावर शब्दांची रूपे एकमेकांवर पडणे अटळ होते. पुढे छपाई आली. विल्यम कॅक्स्टन यांनी १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला, त्यानंतरच्या काळात इंग्रजी स्पेलिंग हळूहळू गोठत गेले आणि उच्चार मात्र सरकतच राहिले. परिणामी हे साम्य कानाला जाणवत नाही, डोळ्यालाच दिसते. देवनागरीत लिहिले तर त्यातले बरेचसे नाहीसे होते.

पी, ए, आय, एन हे चार अक्षरांचे रूप घ्या. फ्रेंचमध्ये त्याचा उच्चार ‘पँ’सारखा होतो आणि अर्थ भाकरी किंवा पाव, इंग्रजीत उच्चार ‘पेन’ आणि अर्थ वेदना. फ्रेंच शब्द लॅटिन ‘पानिस’पासून आला आहे. इंग्रजी शब्द १०६६ मध्ये फ्रान्सकडील नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंचमधूनच तिकडे गेला, पण तो ‘पानिस’चा वंशज नसून लॅटिन ‘पेना’चा, म्हणजे दंडाचा, आणि त्याहीमागे ग्रीक ‘पोइने’चा वंशज आहे. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ खुनाबद्दल द्यावयाची भरपाई असा होता, आणि क्रिकेट-फुटबॉलमुळे आपल्या तोंडी बसलेली ‘पेनल्टी’ त्याच घरची. खुद्द फ्रान्समध्ये भाकरीचा शब्द आणि दुःखाचा शब्द आजही निराळ्या स्पेलिंगने लिहिले जातात. ते एकसारखे झाले ते समुद्रापलीकडे, इंग्रजीने अनेक पर्यायी स्पेलिंगांतून नेमके हे रूप ठेवल्यामुळे. इटालियन व स्पॅनिशमधील ‘बुर्रो’चेही असेच: इटलीत तो लोणी आहे, ग्रीक ‘बूतिरोन’पासून आलेला, आणि स्पेनमध्ये गाढव आहे, लॅटिन ‘बुर्रिकुस’ म्हणजे तट्टापासून आलेला.

‘पानिस’चा आणखी एक वंशज पोर्तुगीज ‘पाँव’ हा होय. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतल्यानंतर तो इकडे रुजला, तिथल्या पाव भाजणाऱ्याला आजही पोर्तुगीजवरूनच ‘पोदेर’ म्हणतात, आणि मराठीत तो ‘पाव’ झाला. पण मराठीत एक पाव आधीपासून होताच, संस्कृत ‘पाद’ म्हणजे चौथा हिस्सा यापासून आलेला. त्यामुळे दुकानदाराकडे पाव किलो खारी आणि सहा पाव मागताना आपण लॅटिन व संस्कृत अशा दोन वेगळ्या घरांतले शब्द एकाच उच्चारात आणि एकाच स्पेलिंगात मागत असतो.