पादचारी किंवा जनावराशी धडक : चालकाच्या इजा (कोल्हापूर परिसर)

रस्त्यावरून चाललेल्या माणसाला किंवा जनावराला वाहन धडकले असता ते चालवणाऱ्याला होणाऱ्या इजा. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोग वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत त्यांना वेगळे संकेतांक आहेत : सायकलस्वार व्ही १०, मोटारसायकलस्वार व्ही २०, तीनचाकी व्ही ३०, मोटारगाडी व्ही ४०. अशा अपघातात लक्ष आधी धडक बसलेल्याकडे जाते आणि ते योग्यच आहे. मात्र दुचाकी असेल तर चालकही त्याच्याइतकाच उघड्यावर असतो, ही गोष्ट सहसा विसरली जाते.

कोल्हापूर शहरात प्रसंग बहुधा भटक्या कुत्र्यांचा किंवा रस्त्यावरून हाकलेल्या म्हशींचा. राधानगरी-दाजीपूर आणि गगनबावड्याकडच्या रस्त्यांवर गवा व रानडुक्कर आडवे येतात. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला भाविक रात्रीही रस्त्याच्या कडेने चालत असतात.

दुचाकीस्वाराला खरी इजा धडकेपेक्षा पडण्याने होते. कुत्रे अंगावर आले की हात आपोआप पुढचा ब्रेक आवळतो, चाक जागीच अडकते आणि गाडी घसरते किंवा स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. जमिनीवर टेकवलेल्या हाताचे मनगट मोडते. खांद्यावर पडल्यास कॉलर बोन. गुडघे, कोपर आणि तळहात सोलवटून निघतात. पेट्रोलच्या टाकीवर आपटून ओटीपोटाला व जांघेला मार बसतो, तो वरून दिसत नाही म्हणून उशिरा कळतो. सर्वांत घातक डोक्याचा मार. गल्लीतल्या गल्लीत दूध आणायला जाताना हेल्मेट घातले जात नाही, आणि कुत्री तर गल्लीतच असतात. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे आहे. त्याने चाक अडकणे टळते. त्या नियमात लहान गाड्यांना मात्र दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय पुरेशी मानली होती.

मोटारीत सीटबेल्ट लावलेल्या चालकाला कुत्र्याच्या धडकेने क्वचितच काही होते. गव्याची गोष्ट वेगळी. पूर्ण वाढलेला नर ६०० ते १,००० किलोचा असतो आणि त्याचे धड बॉनेटपेक्षा उंच असते. पाय बंपरने उडाले की सगळे वजन काचेवर आणि टपाच्या खांबांवर येते. अशा वेळी डोके, मान व चेहऱ्याच्या जखमा होतात, डोळ्यांत काच जाते, आणि एअरबॅग उघडेलच असे नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी चालक भानावर येईपर्यंतच सुमारे २५ मीटर पुढे जाते. त्यानंतर कोरड्या रस्त्यावरही थांबायला आणखी वीसेक मीटर लागतात. डिपरच्या उजेडात काळी म्हैस किंवा गवा दिसतो तो साधारण तेवढ्याच अंतरावर.

या इजांचा खरा आकार नोंदीत दिसत नाही, हा या विषयातला सर्वांत मोठा दोष. जनावराला चुकवताना गाडी झाडावर किंवा खांबावर गेली, तर मोटारसायकलस्वाराची नोंद व्ही २७ खाली होते. कशालाही न धडकता नुसताच पडला, तर व्ही २८ खाली. केसपेपरवर ‘गाडी घसरून पडला’ एवढेच उरते, कुत्रे गायब होते. मग कुठल्या चौकात जनावरांमुळे माणसे पडतात हे शोधायचे कशावरून? गळीत हंगामात अंधारात उसाच्या बैलगाडीवर मागून आदळणाऱ्यांचीही गणना इथे होत नाही. जुंपलेले जनावर हे वाहन मानले जाते, म्हणून तो अपघात मोटारसायकलस्वारासाठी व्ही २६ आणि मोटारगाडीसाठी व्ही ४६ खाली जातो. सुटे बैल हाकत नेताना धडक झाली, तरच ती या गटात येते.

पादचाऱ्याला धडक बसल्यावर जमावाने चालकाला केलेल्या मारहाणीच्या जखमा हल्ल्यांच्या गटात जातात. जखमीला उपचार मिळवून देणे हे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३४ नुसार चालकाचे कर्तव्य आहे; जमावाच्या रोषामुळे ते अशक्य झाले तर तेवढी सूट त्याच कलमात आहे. माणसाला धडकल्यानंतर चालकाला महिनोन्महिने झोप न लागणे, गाडीला हात लावायची भीती वाटणे, हाही आघातच आहे आणि त्यावर उपचार होतात.

थर्ड पार्टी विमा धडक बसलेल्या माणसासाठी असतो. भटक्या जनावराला मालक नसल्याने चालकाने भरपाई कोणाकडे मागायची हा प्रश्नच असतो. चालकासाठी उरतो तो २०१८ पासून १५ लाख रुपयांचा झालेला मालक-चालक वैयक्तिक अपघात विमा. तो मृत्यू, अवयव किंवा दृष्टी जाणे आणि कायमचे पूर्ण अपंगत्व यांपुरताच. मनगट मोडून दीड महिना घरी बसलेल्या मजुराला त्यातून काही मिळत नाही, आणि मित्राची गाडी मागून नेलेल्याला तो सहसा लागू होत नाही.