राहून गेलेले रेकॉर्ड लॉक

राहून गेलेले रेकॉर्ड लॉक : अनेकांनी मिळून वापरायच्या डेटाबेसमध्ये एखादी नोंद दुरुस्तीला उघडली की सॉफ्टवेअर तिला कुलूप लावते. काम संपल्यावर ते निघायला हवे; न निघता मागे उरले, तर ते ‘राहून गेलेले लॉक’. नोंद उघडणारा घरी गेलेला असतो, त्याचा संगणकही बंद असतो, तरी बाकीच्यांना ‘रेकॉर्ड दुसऱ्याच्या वापरात आहे’ हेच उत्तर मिळत राहते. सांगलीच्या मार्केट यार्डातला दिवाणजी फोनवर एवढेच सांगतो : “पार्टी लॉक दाखवतंय, आणि आत तर कुणीच नाही.”

रोजमेळ आणि खतावणीच्या काळात या कुलपाची गरज नव्हती. वही एक, ती ज्याच्या मांडीवर तोच लिहिणार. हळदीच्या अडत दुकानात तीन संगणक आले आणि एकच खतावणी तीन पडद्यांवर उघडू लागली. समजा, शेतकऱ्याच्या नावे १२,००० रुपये उचल आहे. एका काउंटरने ते खाते उघडले, दुसऱ्यानेही उघडले. पहिल्याने आणखी ५,००० उचल टाकून १७,००० करून ठेवले. दुसऱ्याच्या पडद्यावर अजून १२,०००च आहेत. त्याने पट्टीचे, म्हणजे माल विकल्याच्या हिशेबाचे, ९,००० जमा केले आणि ३,००० लिहून टाकले. खरी बाकी ८,०००. पाच हजारांची उचल कुणी खोडली नाही, तरी ती गेली. हे होऊ नये म्हणून लॉक. ते त्रासदायक वाटते म्हणून प्रोग्रॅममधून काढून टाकायला सांगणारे मालक असतात. त्यांना हा हिशेब करून दाखवावा.

लॉक राहून जाण्याचे सर्वांत मोठे कारण वीज, तेही अर्धवट जाणारी. सर्व्हर यूपीएसवर असतो, काउंटरचा संगणक किंवा मधला नेटवर्क स्विच नसतो. दिवे गेले की काउंटर मेला, सर्व्हर जिवंत. ‘मी निघालो’ असा निरोप सर्व्हरला मिळतच नाही, म्हणून तो कुलूप सांभाळत बसतो. किती वेळ, ते व्यवस्थेवर अवलंबून. नॉव्हेल नेटवेअर या जुन्या नेटवर्क-प्रणालीत वॉचडॉग नावाची सोय होती. गप्प झालेल्या संगणकाला ती सुमारे ५ मिनिटांनी हाक मारायला लागे, मग साधारण मिनिटामिनिटाला, आणि एकूण १५ मिनिटांच्या आसपास त्याला मोडीत काढी. आजच्या नेटवर्कांत चालणाऱ्या टीसीपी जोडणीत पलीकडचा जिवंत आहे का हे पाहणारी ‘कीप-अलाइव्ह’ ही तपासणी विंडोज आणि लिनक्स दोन्हींत मूळ मांडणीप्रमाणे २ तासांनी सुरू होते. सौदा चालू असताना दोन तास म्हणजे दिवसच गेला.

राहून गेलेले लॉक आणि चालू लॉक यांत गल्लत फार होते. साखर कारखान्यात शेतकी विभागाचा क्लार्क सभासदाचे खाते उघडून जेवायला गेला, तर ते लॉक खरे आहे. माणूस तेवढा जागेवर नाही. अशा वेळी डबा आटोपण्याची वाट पाहावी.

जुन्या पॅकेजांत, म्हणजे हिशेबाच्या प्रोग्रॅमांत, लॉक दोन जातींचे असते, आणि उपाय जातीवर ठरतो.

पहिली जात ऑपरेटिंग सिस्टिमच्या स्मरणातली. डीबेस, क्लिपर, फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस-प्रणाली आपली माहिती डीबीएफ फाइलींत ठेवतात; तिथे आरलॉक हे एका नोंदीचे आणि एफलॉक हे पूर्ण फाइलीचे कुलूप. गंमत अशी की ते त्या नोंदीच्या अक्षरांवर बसतेच असे नाही. क्लिपरच्या मूळ पद्धतीत ते फाइलीत १०० कोटी अधिक नोंद क्रमांक एवढ्या जागेवर लागते. तिथे फाइल पोचलेलीही नसते. ठरलेली रिकामी जागा अडवायची, एवढाच करार, म्हणून नोंद वाचायला अडचण येत नाही. पंधरवड्याची ऊसबिले करणारा प्रोग्रॅम मात्र एफलॉक मागतो, आणि हजारो सभासदांपैकी एकाच्या नोंदीवर कुलूप राहिले असेल तरी तो मिळत नाही. बिले अडतात.

दुसरी जात लिहून ठेवलेली. प्रोग्रॅमरने तक्त्यात ‘वापरात’ असा रकाना केलेला असतो; खाते उघडले की त्यात क्लार्कचा सांकेतिक क्रमांक पडतो, बंद केले की पुसला जातो. मध्येच वीज गेली तर पुसणारा कुणी उरत नाही. ही साधी माहिती असल्याने सर्व्हर बंद-चालू केला तरी ती जागची हलत नाही, बॅकअपमध्येही जाते.

ओळखण्याची युक्ती यातूनच निघते. डीबीएफ फाइलीची प्रत दुसऱ्या फोल्डरमध्ये घेऊन तिथे तेच खाते उघडावे. उघडले तर कुलूप ऑपरेटिंग सिस्टिमचे, कारण ते प्रतीत येत नाही. तिथेही ‘वापरात’ म्हणाले तर रकाना पाहावा.

पहिल्या जातीसाठी आधी ज्या संगणकाने लॉक लावले तोच पुन्हा सुरू करून पॅकेज उघडावे. तो परत जोडला गेला की सर्व्हर जुनी जोडणी टाकून देतो आणि बरेचदा तेवढ्यावर भागते. नाही भागले तर विंडोज सर्व्हरच्या ‘शेअर्ड फोल्डर्स’मधल्या ‘ओपन फाइल्स’ यादीत कोणाची कोणती फाइल उघडी आहे ते दिसते आणि तेवढीच बंद करता येते. “सगळ्यांनी बाहेर या, सर्व्हर बंद करतोय” ही आरोळी अखेरचा उपाय असावा. व्यवहारात ती पहिली ऐकू येते. दुसऱ्या जातीसाठी रकाना मोकळा करावा, पण ज्याचा क्रमांक आहे त्याला विचारून. रकान्याबरोबर वेळ आणि संगणकाचे नावही लिहून ठेवणारा प्रोग्रॅमर पुढच्यांचा दुवा घेतो.

मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेस या डेटाबेसची एलडीबी ही कुलपांची फाइल हे वेगळे प्रकरण आहे. तीत प्रत्येक वापरकर्त्याला ६४ बाइट मिळतात : ३२ संगणकाच्या नावाला, ३२ वापरकर्त्याच्या. माणूस बाहेर पडला तरी त्याचे नाव तीत राहू शकते. तेव्हा तिथले नाव वाचून कुणाला फैलावर घेऊ नये. सगळे बाहेर पडल्यावरही फाइल उरली असेल तर ती खुशाल खोडावी. पॅराडॉक्स या जुन्या डेटाबेसच्या एलसीके फाइलीही तशाच खोडाव्यात.

कुलूप निघाल्यावर लगेच कामाला लागणे ही नेहमीची चूक. वीज गेली तेव्हा ती नोंद अर्धी लिहून झालेली असू शकते. जुन्या डीबीएफ पॅकेजांत व्यवहार मागे घेण्याची सोय सहसा नव्हती. पट्टी शेतकऱ्याच्या खाती जमा झाली आणि खरेदीदाराच्या नावे पडलीच नाही, असे सहज घडते. म्हणून त्या खात्याची शेवटची पट्टी, तिचे जमा आणि नावे असे दोन्ही पाय आणि पावतीचा अनुक्रम पाहावा. मग बॅकअप घेऊन इंडेक्स मारावा, म्हणजे नोंदी शोधण्याची सूची नव्याने बनवावी. क्रम उलटा केला आणि फाइल नासली, तर तिची चांगली प्रत उरत नाही.

मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये फॉक्सप्रो बनवणारी फॉक्स सॉफ्टवेअर ही कंपनी घेतली. व्हिज्युअल फॉक्सप्रोच्या ९व्या, शेवटच्या आवृत्तीला कंपनीकडून मिळणारा आधार जानेवारी २०१५ मध्ये संपला. पॅकेजे मात्र चालू आहेत, कारण तोलाई-हमालीचे आकार त्यांत वर्षानुवर्षे बसवलेले आहेत. जी एसक्यूएल सर्व्हर या मोठ्या डेटाबेस-प्रणालीवर नेली त्यांत मेलेले सत्र, म्हणजे अडकून राहिलेली जोडणी, ‘किल’ केले की अर्धा व्यवहार आपोआप मागे घेतला जातो. पण नेताना तक्ते जसेच्या तसे उचलतात, त्यांबरोबर ‘वापरात’ हा रकानाही जातो. सत्र मारले, इंजिनाची सगळी कुलपे सुटली, आणि खाते उघडल्यावर पडद्यावर पुन्हा तोच क्लार्क क्रमांक.