गिरणीतला तंटा आणि तो हाताळण्याचे शिक्षण

मुंबईच्या कापड गिरण्यांत खात्यातली भांडणे मिटवण्याचे काम बराच काळ जॉबरकडे, म्हणजे खात्याच्या मुकादमाकडे, असे. माणसे भरती करणे, त्यांना शिस्त लावणे आणि वाद झाल्यास निवाडा देणे हे सारे तोच करी. मात्र नोकरीसाठी दस्तुरी (लाच) घेणाराच न्यायनिवाडा करणार म्हटल्यावर त्या न्यायाचे मोल किती, हे कामगार ओळखून होते. १९२८ साली, एका विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत यांसारख्या योजनांविरुद्ध सुमारे दीड लाख गिरणी कामगार सहा महिने संपावर राहिले. त्यानंतर व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात, भरतीचे अधिकार जॉबरकडून काढून कामगार अधिकाऱ्याकडे सोपवावेत, अशी शिफारस केली. मुंबई प्रांताने १९३४ मध्ये समेटाचा कायदा करून कामगारांची बाजू मांडणारा सरकारी अधिकारी नेमला. १९३६ मध्ये नागपाड्यात, समाजकार्याचे शिक्षण देणाऱ्या आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची सुरुवात झाली आणि १९४८ च्या कारखाने कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला. या साऱ्या व्यवस्थेत शिकायचे होते ते मध्ये पडणाऱ्या तिसऱ्या माणसाने.

भांडणाऱ्यांनीच स्वतःचे वागणे तपासावे, हा विचार अमेरिकेतून आला, तोही काहीसा योगायोगाने. १९४६ च्या उन्हाळ्यात कनेक्टिकटमध्ये मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी भरवलेल्या शिबिरात निरीक्षक दिवसभराच्या नोंदींवर रात्री आपापसांत चर्चा करत. काही शिबिरार्थींनी ती ऐकण्याची परवानगी मागितली आणि आपल्या वागण्याच्या त्या वर्णनाला तिथेच हरकत घेतली. व्याख्यानांपेक्षा या वादातून अधिक शिकता येते, असे आयोजकांच्या ध्यानात आले. पुढच्या वर्षी मेन राज्यातील बेथेल येथे त्यावर आधारलेले प्रशिक्षण सुरू झाले, परंतु ते पाहायला लेविन हयात नव्हते.

१९७४ मध्ये थॉमस आणि किलमन या अमेरिकी अभ्यासकांनी विधानांच्या तीस जोड्यांची प्रश्नावली तयार केली. वाद टाळणे, नमते घेणे, तडजोड, चढाओढ आणि सहकार्य यांपैकी कोणाचा कल कुठे आहे, हे ती सांगते. ती वापरायला सोपी आहे, पण वादाचे मूळ माणसाच्या स्वभावात शोधते. मागांची संख्या कोणी वाढवली, हा प्रश्न तिच्यात येत नाही. औद्योगिक विवाद कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीने, वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत मालक आणि कामगार यांचे समान प्रतिनिधी असलेली तक्रार निवारण समिती आवश्यक केली आणि तिचे अध्यक्षपद दरवर्षी आळीपाळीने दोन्ही बाजूंकडे दिले. या सदस्यांना प्रशिक्षण द्यावे, असे मात्र त्या कलमात म्हटलेले नव्हते.