चुका, चाकी आणि अडीच सूत

घरात, गाडीत, कपड्यांत दोन गोष्टी धरून ठेवणारं जे बारीक सामान असतं, म्हणजे खिळे, स्क्रू, नट-बोल्ट, पिना, क्लिपा, त्या सगळ्याला मिळून इंग्रजीत फास्टनर म्हणतात, मराठीत असं एकच नाव नाही आणि बडोद्यात मांडवीकडच्या दुकानात उभं राहिलं तर त्याची गरजही पडत नाही, कारण इथं वस्तू कामावरून, आवाजावरून नाहीतर कानाला जशी ऐकू आली तशी ओळखतात. टाचते ती टाचणी. दाबलं की टिच् वाजतं ते टिचबटण. वॉशरचं वायसर झालं, नट म्हणजे चाकी, आणि स्क्रू ड्रायव्हरला गुजरातीत डिसमिस म्हणतात म्हणून आम्ही बडोदेकर मराठी पण डिसमिसच म्हणतो, पुण्याचे पाहुणे आले असताना 'डिसमिस आण रे' म्हटलं की नोकरीवरून कोणाला काढलं असा त्यांचा चेहरा होतो. बारीक खिळ्याला मराठीत चूक म्हणतात, तेव्हा 'पाव किलो चुका द्या' हे अगदी शुद्ध वाक्य आहे. हिंदीतला पेचकस फारसीतून आलाय, पेच म्हणजे पीळ, कश म्हणजे ओढणारा, आणि आलपीन आली पोर्तुगीज अल्फिनेतेवरून.

मापाची नावं मात्र नीट समजून घ्यावी. इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत, गुजराती मिस्त्री त्यालाच दोरा म्हणतो, म्हणजे दोन्हीकडे धागाच. तीन सूत म्हणजे 3/8 इंच. माझ्या सायकलच्या कॅरियरला 8 मिलिमीटरचा बोल्ट हवा होता, दुकानातल्या काकांनी डब्यातून अडीच सुताचा काढून दिला, 'चालून जाईल'. अडीच सूत म्हणजे 5/16 इंच, 7.94 मिलिमीटर, डोळ्याला फरक दिसतच नाही. दोन आटे, म्हणजे बोल्टवरचे पीळ, छान बसले, तिसऱ्याला अडकला, मी पाना लावून जोर केला आणि आतले आटे गेले. कारण जाडी जुळली तरी आट्यांची चाल वेगळी, मेट्रिकमध्ये दोन आट्यांतलं अंतर 1.25 मिलिमीटर आणि आट्याचा कोन 60 अंश, तर जोसेफ व्हिटवर्थने 1841 मध्ये इंग्लंडात ठरवलेल्या पद्धतीत याच मापाला इंचाला 18 आटे, कोन 55. त्याच्या आधी प्रत्येक कारखान्याचे आटे आपापले असायचे, एकाची चाकी दुसऱ्याच्या बोल्टला बसेलच असं नाही.

परदेशात या सामानाची नावं बरीचशी माणसांची आहेत, पण ती इथपर्यंत पोचता पोचता माणूस गळून पडतो. 1910 च्या सुमाराला अमेरिकेत हार्टफर्डच्या विल्यम अॅलनने सहा कोनी खाचेचे स्क्रू काढले, त्याची ती अॅलन की, आपल्याकडे ती एलएन की झाली, आणि चावी दिसतेही एलसारखी त्यामुळे कोणाला शंकाच येत नाही. पोर्टलंडच्या हेन्री फिलिप्सची पेटंटं 1936 ची, त्याच्या स्क्रूच्या डोक्यावर अधिकचं चिन्ह असल्यामुळे डिसमिस आपोआप मधोमध बसतो, म्हणून मोटारींच्या कारखान्यांनी तो उचलला. इथं तो नुसता स्टार स्क्रू.

सेफ्टी पिन न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटची, पेटंट 10 एप्रिल 1849 चं. 15 डॉलरचं कर्ज फेडायला त्याने हक्क 400 डॉलरला विकून टाकले म्हणतात. कपड्याला लावायचा स्प्रिंगवाला आकडा रोमन लोकांकडेही होता, हंटने टोकाला झाकण दिलं म्हणून बोट वाचलं. आमच्याकडे बायकांच्या बांगडीत दोन-तीन तरी अडकवलेल्या असतातच, साडीची, पदराची आणि एक दुसरीला द्यायची.

झिपरला आपण सरळ चेन म्हणतो. झिपर हे नाव अमेरिकेतल्या गुडरिच कंपनीने 1923 मध्ये आपल्या रबरी बुटांना दिलं होतं, ते बुटांवरून चेनला चिकटलं. वेल्क्रो म्हणजे फ्रेंच वेलूर अधिक क्रोशे, मखमल आणि आकडा. स्विस जॉर्ज द मेस्त्राल 1941 मध्ये फिरून आला तेव्हा कुत्र्याच्या केसांत अडकलेली काटेरी बोंडं त्याने भिंगाखाली धरली, तिथून ते सुचलं.

ऑफिसातली कागदाला लावायची जेम क्लिप मात्र अजून जेमच आहे. तिच्या आकाराचं पेटंट कधी झालंच नाही, 1899 मध्ये विल्यम मिडलब्रुकने घेतलं ते ती वळवणाऱ्या मशीनचं. नॉर्वेवाले श्रेय त्यांच्या योहान वोलरला देतात, पण त्याच्या क्लिपला आतला दुसरा वेढा नव्हताच, आणि तिथे सान्विकाला 1989 मध्ये त्याच्या मानाखातर भली मोठी क्लिप उभारली ती निघाली जेम.