डम्फ्रीस हाऊस

डम्फ्रीस हाऊस : स्कॉटलंडच्या ईस्ट एअरशर परगण्यातील कम्नॉक गावाजवळची अठराव्या शतकातील उमरावी हवेली. नावावरून ती डम्फ्रीस शहरात असावी असे वाटते, पण तसे नाही. नाव आले ते मालकाच्या पदवीवरून. पाचवे अर्ल ऑफ डम्फ्रीस विल्यम क्रिक्टन-डॅलरिंपल यांनी ती १७५४ ते १७५९ या काळात जॉन, रॉबर्ट आणि जेम्स या वास्तुविशारद अ‍ॅडम बंधूंकडून बांधून घेतली. रॉबर्ट अ‍ॅडमचे नाव पुढे साऱ्या ब्रिटनमध्ये गाजले. ही त्याच्या उमेदवारीच्या काळातली वास्तू.

अर्लचा एकुलता एक मुलगा लहानपणीच वारला होता, बांधकाम चालू असताना पत्नीही गेली. पुन्हा लग्न करावे, वारस व्हावा आणि घर त्याला शोभेलसे असावे, या आशेने त्याने सजावटीत हात आखडला नाही. लंडनला जाऊन थॉमस चिपेंडेल या नामांकित कारागिराकडून त्याने पलंग, खुर्च्या, कपाटे खरेदी केली. शिवाय एडिंबरोच्या सुतारांनाही काम दिले. दुसरे लग्न झाले, वारस मात्र झाला नाही. १७६८ मध्ये अर्ल वारला. पुढे वारसाहक्काने हवेली ब्यूट घराण्याकडे गेली. त्यांची राहण्याची मुख्य ठिकाणे इतरत्र होती, त्यामुळे इथल्या सामानाला फारसा हात लागला नाही. मालकांनी पाठ फिरवली हेच या हवेलीचे भाग्य म्हणायचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रॉबर्ट वेअर शुल्ट्झ या वास्तुविशारदाने बाजूंचे भाग वाढवले, तेवढाच मोठा फेरफार.

इथे राहणाऱ्या ब्यूट घराण्यातील शेवटच्या वृद्ध मार्क्वेसपत्नी (मार्क्वेस ही अर्लहून वरची उमरावी पदवी) १९९३ मध्ये वारल्या. २००७ मध्ये सातव्या मार्क्वेसने वास्तू विकायला काढली आणि सामानाचा लिलाव जाहीर झाला. सामान ट्रकांत भरून लंडनच्या वाटेला लागले होते, इतक्यात तेव्हाचे युवराज चार्ल्स यांच्या पुढाकाराने साडेचार कोटी पौंडांत जागा, घर आणि सामान असा एकत्र सौदा झाला. ट्रक वाटेतूनच परत फिरले. यातले दोन कोटी युवराजांच्या धर्मादाय संस्थेने कर्ज काढून उभे केले. लगेच २००८ ची मंदी आली आणि शेजारच्या नॉकरून येथील नियोजित वसाहतीतून कर्ज फेडण्याचा बेत अडखळला. पैसा अखेर देणगीदारांकडून जमवावा लागला.

हवेली जून २००८ मध्ये लोकांना खुली झाली. चिपेंडेलच्या पलंगाला पुन्हा निळे रेशमी कापड चढवण्यात आले. जुन्या लाकडाला असे नवे कापड काहींच्या डोळ्यांना खुपते. पण पलंग केला गेला तेव्हाही तो विटका नव्हताच. ओसाड पडलेली, भिंतींनी वेढलेली बाग २०१४ मध्ये नव्याने उभी राहिली. कोळशाच्या खाणी बंद पडून बेकारी वाढलेल्या या भागातील तरुणांना इथे दगडकाम, सुतारकाम, बागकाम आणि स्वयंपाक शिकवला जातो.