दाहोमेचे बेनिन कसे झाले: एका उसन्या नावाची पार्श्वभूमी

नोव्हेंबर 2021 मध्ये फ्रान्सने पॅरिसच्या संग्रहालयातल्या 26 राजवस्तू बेनिनला परत केल्या. 2022 मध्ये जर्मनीने ‘बेनिन ब्राँझ’ परत करण्याचा करार केला, तो मात्र नायजेरियाशी. दोन्ही बातम्या पाठोपाठ आल्या आणि वाचणाऱ्यांच्या डोक्यात एकत्र झाल्या. त्या वेगळ्या ठेवायला हव्यात. 1897 मध्ये ब्रिटिशांनी लुटलेले ते धातूचे नक्षीपट आणि मुखवटे एदो लोकांच्या बेनिन राज्यातले होते, आणि त्या राज्याची राजधानी असलेले बेनिन सिटी हे शहर आज नायजेरियात आहे. ज्या देशाला आपण बेनिन म्हणतो तो 1975 पर्यंत ‘दाहोमे’ होता. फ्रान्सकडून आलेल्या 26 वस्तू या दाहोमेच्या, म्हणजे अबोमे इथल्या राजवाड्यातल्या.

जुने नाव का सोडले आणि शेजारच्या देशातल्या एका प्राचीन राज्याचे नाव का घेतले, हे कळल्याशिवाय या देशाचे राजकारण कळत नाही. म्हणून या टिपणात नावालाच सर्वाधिक जागा दिली आहे.

नकाशा पाहिला की पहिला धागा हाती लागतो. समुद्रकिनारा जेमतेम 121 किलोमीटर, आणि तिथून उत्तरेला नायजर नदीपर्यंत सुमारे 700 किलोमीटर लांब चिंचोळी पट्टी. क्षेत्रफळ सुमारे 1,12,600 चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहून थोडे अधिक. पश्चिमेला जर्मनांचे टोगो, पूर्वेला इंग्रजांचे नायजेरिया, आणि मधून फ्रेंच किनाऱ्यावरून आत घुसत गेले. त्या चढाओढीत हा आकार पडला. दक्षिणेला खाजणे, नोकुए सरोवरावर खांबांवर उभे असलेले गान्विए हे गाव आणि पामची बने. उत्तरेला अताकोराचे डोंगर, कापूस आणि गुरे. या सगळ्या पट्टीवर फ्रेंचांपूर्वी कुणा एकाच राजाचे राज्य नव्हते; वेगवेगळी राज्ये होती.

त्यातले सर्वांत बलाढ्य राज्य दाहोमे. सतराव्या शतकात अबोमेच्या पठारावर फॉन लोकांनी ते उभे केले. नावाची दंतकथा अशी: आलेल्या राजपुत्राने दान नावाच्या तिथल्या सरदाराकडे पुन्हा पुन्हा जमीन मागितली. वैतागून सरदार म्हणाला, आता काय माझ्या पोटावर घर बांधतोस? राजपुत्राने त्याला मारले आणि खरोखर त्याच्या देहावर वाडा बांधला. दान-हो-मे, म्हणजे दानच्या पोटात. कथा खरी असो वा नसो, पराभूताच्या देहावर उभारलेले घर हा अर्थ त्या नावाला चिकटून राहिला. शेजारच्या लोकांच्या लेखी तर ती दंतकथाही नव्हती. दाहोमेचे सैन्य, त्यातल्या प्रसिद्ध स्त्री-पलटणींसह, माही आणि योरुबा वस्त्यांवर वर्षानुवर्षे चालून गेले. पकडलेली माणसे 1727 पासून दाहोमेच्या ताब्यात असलेल्या वीदा बंदरातून अटलांटिकपार विकली गेली. त्या बंदरातून नेलेल्या माणसांची संख्या सुमारे दहा लाख मानली जाते.

माणसांची किंमत कवड्यांत मोजली जाई. या कवड्या मालदीवच्या, आपल्याच समुद्रातल्या. युरोपी जहाजे त्या नीरम (जहाज स्थिर ठेवणारे वजन) म्हणून भरून न्यायची आणि मग पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नाणे म्हणून चालवायची. चाळीस कवड्या एका दोऱ्यात ओवायच्या, आणि अशा सरांवर हिशेब चालायचा. तुळजाभवानीच्या भक्ताच्या गळ्यातली माळ ज्या जातीच्या कवड्यांची, तीच कवडी तिथे माणूस विकत घ्यायला वापरली गेली; आणि वोदून धर्माच्या उपासनेत तिथेही ती पवित्र आहे.

फ्रेंचांशी झालेल्या लढाया, 1894 मधली शरणागती, राजा बेहान्झिनची मार्तिनिकला हद्दपारी हा भाग अनेकांनी लिहिला आहे. एवढे मात्र लक्षात ठेवायला हवे की किनाऱ्यावरचे पोर्तो-नोवो हे राज्य दाहोमेच्या धाकानेच आधी फ्रेंचांच्या आश्रयाला गेले होते, आणि उत्तरेचे निक्की-बोर्गूचे बारिबा लोक अबोमेचे अंकित कधीच नव्हते. तरीही फ्रेंचांनी अख्ख्या वसाहतीला ‘दाहोमे’ हेच नाव दिले. जणू पुण्याचे राज्य जिंकले म्हणून विदर्भापासून मलबारपर्यंत सगळ्याला ‘पेशवाई’ म्हणावे.

1 ऑगस्ट 1960 रोजी देश त्याच नावाने स्वतंत्र झाला. बरोबर एका वर्षाने, 1961 च्या ऑगस्टमध्ये, सरकारने वीदामधला पोर्तुगीज किल्ला ताब्यात घेतला. 1721 मधला हा किल्ला हीच पोर्तुगालची तिथली अख्खी ‘वसाहत’ होती. शेवटी तिथे दोनच माणसे राहत होती. त्यांनी जाताना इमारतींना आग लावायचा प्रयत्न केला. गोवा मुक्त झाला तो त्यानंतर साडेचार महिन्यांनी, आणि लिस्बनने दोन्ही ठिकाणी वास्तव मान्य करायला 1970 चे दशक उजाडू दिले. पोर्तुगालच्या साम्राज्याला 1961 मध्ये पडलेल्या भगदाडांत हे पहिलेवहिले. गोव्याच्या इतिहासात त्याला एक ओळ तरी मिळायला हवी.

पण देशाच्या आत परिस्थिती बिघडत होती. तीन भागांचे तीन नेते होते: एक अबोमेकडचा, एक पोर्तो-नोवोचा, एक उत्तरेचा. प्रत्येकाची मते आपापल्या भागात गठ्ठ्याने पडत आणि दुसऱ्या भागात जवळपास शून्य. 1963, 1965, 1967, 1969 असे लष्करी सत्तापालट होत गेले. 1970 च्या निवडणुकीत उत्तरेतल्या अताकोराचे मतदान रद्द झाले, फुटून निघण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा अखेर तिघांचे मंडळ बनवून प्रत्येकाने दोन-दोन वर्षे अध्यक्ष राहायचे असा तोडगा निघाला. पहिल्याची पाळी संपली, त्याने 1972 च्या मे महिन्यात मुकाट्याने खुर्ची सोडली. दुसऱ्याला पाच महिनेच मिळाले. 26 ऑक्टोबर 1972 रोजी तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी सत्ता घेतली, आणि त्यांचा म्होरक्या उत्तरेचा होता.

इथे नामांतर येते. 30 नोव्हेंबर 1974 रोजी या राजवटीने मार्क्सवाद-लेनिनवाद स्वीकारल्याची घोषणा केली, तीही अबोमेत. बरोबर एका वर्षाने देशाचे नाव ‘बेनिन लोकप्रजासत्ताक’ झाले. कारण असे दिले गेले की दाहोमे हे एकाच राज्याचे नाव आहे, आणि देश ज्या समुद्राला लागून आहे तो बेनिनचा उपसागर कुणा एकाचा नाही. कोणालाही विचारले नाही, सार्वमत झाले नाही. टीका दोन्ही बाजूंनी झाली. अबोमेकडच्यांना आपला वारसा पुसला गेल्याचे वाटले. आणि नायजेरियातल्या एदो लोकांच्या दृष्टीने हे नाव त्यांचे होते. ते रिकामेही नव्हते: बियाफ्राच्या युद्धात, म्हणजे नायजेरियातल्या यादवीत, 19 सप्टेंबर 1967 रोजी बेनिन सिटीतूनच ‘बेनिन प्रजासत्ताक’ जाहीर झाले होते, आणि दुसऱ्याच दिवशी नायजेरियाच्या फौजेने शहर परत घेतल्याने ते संपले.

माझे मत या निर्णयाच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण 1990 मध्ये सापडते.

1988-89 मध्ये सरकारी बँका बुडाल्या, शिक्षक आणि कर्मचारी महिनोन्‌महिने पगाराविना राहिले, संप पसरले. डिसेंबर 1989 मध्ये राजवटीने मार्क्सवाद सोडल्याचे जाहीर केले आणि फेब्रुवारी 1990 मध्ये कोटोनूच्या एका हॉटेलात राष्ट्रीय परिषद भरवली. सुमारे 500 प्रतिनिधी: कामगार, शेतकरी, धर्मगुरू, विद्यार्थी, परागंदा झालेले विरोधक, माजी राष्ट्राध्यक्षही. अध्यक्षस्थानी एक कॅथलिक आर्चबिशप. कामकाज रेडिओवरून थेट ऐकू येत होते. लोक दुकानांत, टॅक्सीत, अंगणात रेडिओभोवती बसून होते. परिषद सल्ला देण्यासाठी बोलावली होती, पण तिने स्वतःला सार्वभौम ठरवले. सैन्य बाहेर उभे होते. लष्करशहाने, म्हणजे 1972 च्या त्याच म्होरक्याने, निर्णय मान्य केले.

या परिषदेने ‘लोक’ हा शब्द काढला. लाल तारा असलेला हिरवा ध्वज गेला, 1960 चा हिरवा-पिवळा-लाल ध्वज परत आला. राष्ट्रगीत आधीपासून जुनेच होते, त्यातल्या ‘दाहोमे’च्या जागी फक्त ‘बेनिन’ आले होते. जुने नावही परत आणता आले असते. आणले नाही. सतरा वर्षांच्या राजवटीतले बाकी जवळजवळ सगळे टाकणाऱ्यांनी तिने हुकमाने दिलेले नाव तेवढे ठेवले. ते ठेवताना उत्तर-दक्षिण दोन्हीकडचे प्रतिनिधी सभागृहात होते. जे सार्वमत 1975 मध्ये झाले नव्हते ते माझ्या लेखी इथे झाले.

अबोमे विसरली गेली असेही नाही. तिथल्या एका राजाचे चिन्ह म्हणजे भोके पडलेला रांजण. प्रजेतल्या प्रत्येकाने एकेका भोकावर बोट ठेवले तर पाणी टिकेल, असा त्याचा अर्थ. ते चिन्ह आज साऱ्या देशाच्या एकीचे चिन्ह म्हणून चालते.

डिसेंबर 1990 ची राज्यघटना याच परिषदेतून निघाली: अध्यक्षाला पाच वर्षांची मुदत, दोनच वेळा, उमेदवाराचे वय 40 ते 70. मार्च 1991 मध्ये लष्करशहा मतपेटीत हरला आणि घरी गेला. 1996 मध्ये तोच निवडून परत आला. 2006 मध्ये वयाच्या आणि मुदतीच्या अटींनी बाहेर राहिला. राजधानी कागदावर पोर्तो-नोवो, सरकार प्रत्यक्षात कोटोनूत.

अलीकडचे चित्र काळजीचे आहे. 2019 च्या संसदीय निवडणुकीत सत्ताधाऱ्यांचे दोन पक्ष सोडून कोणालाच उभे राहता आले नाही. 2023 मध्ये विरोधक परतले, तेव्हा 109 पैकी 28 जागा मिळाल्या. नोव्हेंबर 2025 च्या घटनादुरुस्तीने अध्यक्षाची मुदत सात वर्षांची केली आणि वरचे सभागृह निर्माण केले. दरम्यान एप्रिल 2024 पासून कच्च्या काजूच्या निर्यातीवर बंदी आली. गोव्याच्या बाजारात स्थानिक काजूशी स्पर्धा करणाऱ्या मालात बेनिनच्या बियांचे नाव वर्षानुवर्षे घेतले जाते, त्यामुळे हा निर्णय आपल्याकडच्या कारखानदारांपर्यंतही पोहोचला.

7 डिसेंबर 2025 च्या सकाळी काही सैनिक सरकारी दूरचित्रवाणीवर आले आणि सत्ता घेतल्याचे सांगू लागले. त्याच दिवशी नायजेरियाच्या मदतीने ते मोडून काढले गेले. 1972 नंतर कोटोनूत एकही सत्तापालट यशस्वी झाला नव्हता, तो क्रम त्या दिवशीही टिकला.