न झोपणाऱ्या वेलीची डिग्री

द्राक्षं पिकवणं आणि त्यांची वाइन करणं याची तीन-चार वर्षांची रीतसर डिग्री असते हे सांगितलं की पालक आधी दचकतातच. मी ठाण्यात अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते, रिझल्ट लागला की मुलं आई-बाबांना घेऊन विचारायला येतात, नीटची (NEET) परीक्षा नाही जमली तर काय, फार्मसी घ्यावं की बायोटेक, आणि त्यात मी हा विषय काढला की "मॅडम, पोरीला दारू करायला शिकवायचं का?" असं ऐकावं लागतं. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहितेय. बॉटनी, केमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी आणि हवामान हे सगळं एकाच पिकावर इतकं एकत्र आलेलं मला तरी दुसरीकडे दिसलं नाही, आणि यातला सगळ्यात अवघड, सगळ्यात कमी सुटलेला भाग युरोपात नाही, तो आपल्या नाशिककडच्या निफाड-दिंडोरीच्या बागांमध्ये आहे.

हे शिक्षण नवीन फॅड नाहीये. जर्मनीत गायझेनहाइमची संस्था 1872 ची, कॅलिफोर्नियात तिथल्या विधिमंडळाने 1880 मध्ये कायदा करून विद्यापीठाला द्राक्षशेती आणि वाइन शिकवायला सांगितलं (तोच विभाग पुढे डेव्हिसला गेला), ऑस्ट्रेलियातलं रोझवर्दी कॉलेज 1883 चं. हा काळ लक्षात घ्या. 1860 च्या दशकात फ्रान्समध्ये फायलोक्सेरा नावाची किडीची जात अमेरिकेतून पोचली, मुळांवर जगणारी, आणि बागाच्या बागा वाळायला लागल्या. उपाय सापडला तो असा की अमेरिकन जंगली द्राक्षाचा खुंट (खालचा मुळांसकटचा भाग) घ्यायचा, कारण ती मुळं त्या किडीला दाद देत नाहीत, आणि वर युरोपियन जातीचं कलम करायचं. आपल्याकडे आज बागायतदार डॉगरिज नावाच्या खुंटावर कलम करतात ते मात्र मुख्यतः क्षारपड जमीन आणि पाण्याचा ताण सोसावा म्हणून. तंत्र तेच, कारण वेगळं. या विषयात असं सारखं होतं.

फॉरेनच्या कोर्समध्ये पहिल्या वर्षी वाइनचा ग्लास फारसा दिसतच नाही. केमिस्ट्री, मॅथ्स, बॉटनी, माती, स्टॅटिस्टिक्स. मग प्लांट फिजिऑलॉजी, रोग-किडी, मायक्रोबायोलॉजी, आणि हंगामात प्रत्यक्ष बागेत आणि वाइनरीत काम, पाइप धुण्यापासून सगळं. टेस्टिंग असतं, पण ते चव घेऊन थुंकायचं असतं. कॅलिफोर्नियात 21 वर्षांखाली दारूला बंदी आहे, तर 2014 मध्ये खास कायदा करून 18 वर्षांपुढच्या या कोर्सच्या मुलांना चाखून थुंकायची परवानगी दिली, यावरून ती गोष्ट किती गंभीरपणे घेतली जाते ते पालकांनी बघावं.

आता मुख्य मुद्दा. या सगळ्या अभ्यासक्रमात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की हिवाळ्यात वेल झोपते. थंडी पडते, पानं गळतात, काड्या उघड्या पडतात, तेव्हा छाटणी करायची, वसंतात काडीवरचे डोळे (जिथून नवीन फूट येते त्या गाठी) एकदम फुटतात, शरदात तोडणी. वर्षाला एक छाटणी, एक पीक. जागा कशी आहे हे ठरवायचं मापही त्यावरच बसवलंय, डेव्हिसच्या विंकलर आणि अमेरिन यांनी वाढीच्या महिन्यांतल्या 10 अंश सेल्सियसच्या वरच्या उष्णतेची बेरीज करून प्रदेशांचे पाच वर्ग पाडले.

महाराष्ट्रात वेल झोपतच नाही. एवढी थंडीच नाही. मोकळी सोडली तर ती वर्षभर हिरवी राहते आणि फक्त शेंड्याकडचे डोळे फुटत राहतात. ठाण्यात घोडबंदर रोडला नाहीतर नेरूळ-ऐरोलीला कोणी ना कोणी हौसेने गच्चीत द्राक्षाची वेल लावलेली असते आणि मला विचारतात की पानंच येतात, घड का येत नाही. एक कारण हेच, छाटणीच नाही. दुसरं म्हणजे आपली हवा, वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि कायम दमटपणा म्हणजे केवडा आणि भुरी या बुरशीच्या रोगांना आमंत्रणच. (केवड्यावर मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण मारतात ना, ते खरोखर फ्रान्समधल्या बोर्डोचं, मिलार्दे यांनी 1885 मध्ये प्रसिद्ध केलेलं, आणि आजही निफाडला पंपातून तेच जातं.)

मग आपल्या बागायतदारांनी काय केलं, तर वेलीला दोनदा छाटायचं आणि पीक एकदाच घ्यायचं. एप्रिलला खरड छाटणी, त्यातून नवीन काड्या येतात. ऑक्टोबरला फळ छाटणी, त्या काड्यांवरच्या डोळ्यांतून घड येतात आणि जानेवारी ते मार्च-एप्रिल माल निघतो, जो आपण वाशीच्या एपीएमसीत क्रेटमध्ये बघतो. मला यातलं सगळ्यात भारी वाटतं ते हे, की मार्चमध्ये जो घड तोडतात तो घड होणार की नाही याचा निकाल आदल्या मे-जूनमध्येच लागलेला असतो, डोळ्याच्या आत, बाहेरून काहीच दिसत नसताना.

कसं ते बघा. डोळ्याच्या आत पेशींचा एक सूक्ष्म कोंब तयार होतो, ज्याचं अजून काहीच ठरलेलं नसतं. त्याचा घडही होऊ शकतो आणि वेलीला आधार देणारा ताणाही. बॉटनीच्या दृष्टीने ताणा आणि घड सख्खी भावंडं आहेत. श्रीनिवासन आणि मलिन्स यांनी 1981 मध्ये या विषयाचा मोठा आढावा लिहिला, त्यात चित्र असं की सायटोकायनिन हे हार्मोन वरचढ झालं तर घडाकडे, जिबरेलिन वरचढ झालं तर ताण्याकडे. आणि आता आपल्या शेतकऱ्याचं कॅलेंडर बघा, खरड छाटणीनंतर शेंडा खुडून बगलफूट वाढवतो (याला सबकेन म्हणतात), नत्र आवरतो, पाणी कमी करतो, सीसीसी या वाढ रोखणाऱ्या रसायनाची फवारणी घेतो. सीसीसी काय करतं, तर वेलीत जिबरेलिन बनणंच अडवतं! म्हणजे पानाआड चाललेल्या हार्मोनच्या भांडणात शेतकरी बरोबर घडाच्या बाजूने उभा राहतो. तेव्हाच जर आभाळ भरून राहिलं, डोळ्यांना ऊन मिळालं नाही, तर घडनिर्मिती कमी होते आणि त्याचा फटका कळतो ऑक्टोबरनंतर. गंमत म्हणजे खायच्या थॉम्पसन जातीच्या घडाला पुढे मणी फुगवायला जिबरेलिनमध्येच बुडवून काढतात (डिपिंग), तेच हार्मोन, एका महिन्यात नको आणि दुसऱ्या महिन्यात हवं.

ऑक्टोबरची दुसरी कसरत. वेल झोपली नाही तर उठणार कशी? म्हणून पानगळ करून घेतात आणि छाटलेल्या काडीच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड हे रसायन लावतात (पेस्टिंग), म्हणजे फूट एकसारखी येते. हे हाताळणाऱ्या माणसाने आदल्या-नंतरच्या दिवसांत दारू अजिबात प्यायची नाही अशी सक्त सूचना असते, कारण लिव्हरमध्ये अल्कोहोलचं आधी अॅसिटाल्डिहाइड होतं आणि ते पुढे मोडणारं एन्झाइमच हे रसायन बंद पाडतं, मग चेहरा लाल, धडधड, उलट्या, प्रकरण गंभीर होऊ शकतं. बागेत काम करणाऱ्या मजुरांना हे कोणी नीट समजावून सांगतं का याची मला खरंच काळजी वाटते. आणि हेच अॅसिटाल्डिहाइड वाइनरीत परत भेटतं, यीस्ट साखरेपासून आधी तेच बनवते आणि त्याचं मग अल्कोहोल करते. लिव्हर तोच रस्ता उलटा चालतं.

वाइनरीचं थोडक्यात सांगते. साखर रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्समध्ये (म्हणजे साधारण रसातल्या साखरेचे टक्के) मोजतात, वाइनच्या द्राक्षाला साधारण 22 ते 24 हवी, आणि रसातली दर लिटरमागे सुमारे 17 ग्रॅम साखर म्हणजे एक टक्का अल्कोहोल. त्याचबरोबर एक लिटर रसातून 50 लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो, तो जड असल्यामुळे तळाशी साचतो, म्हणून टाकीत उतरण्याआधी हवा तपासणं हा सेफ्टीचा पहिला धडा. पण खरं डोकं लागतं ते आंबटपणाला. द्राक्षात मुख्य दोन अॅसिड, टार्टरिक म्हणजे चिंचेतलं आणि मॅलिक म्हणजे हिरव्या सफरचंदातलं. टार्टरिक टिकून राहतं, मॅलिक मात्र उष्णतेत मणी स्वतःच श्वसनात जाळून टाकतो. रात्री गरम असल्या की साखर पूर्ण भरेपर्यंत आंबटपणा उडालेला, पीएच चढलेला. आणि पीएच चढला की जंतूंपासून वाचवायला घातलेला सल्फर डायऑक्साइडही लुळा पडतो, पीएच 3 ला त्यातला साधारण 6 टक्के भाग खऱ्या कामाच्या रूपात असतो, 3.8 ला जेमतेम 1 टक्का. नाशिक 600 मीटरच्या आसपास उंचीवर, जानेवारीत रात्री चांगल्या गारठतात, म्हणून तिथे वाइन जमते आणि 150 किलोमीटरवरच्या ठाण्यात जमणार नाही. नाशिकच्या सुला वाइनरीची पहिली वाइन 2000 ची, राज्याचं वाइन धोरण 2001 चं, म्हणजे इतरांच्या शतकांपुढे आपला अनुभव फार कोवळा आहे. उष्ण प्रदेशात कुठली जात, कुठला खुंट, तोडणी कधी, यावर अजून भरपूर काम व्हायचंय, आणि ते डेव्हिसचं पुस्तक जसंच्या तसं उतरवून होणार नाही.

मुलांसाठी रस्ते सांगायचे तर, शेतीची आवड असेल तर बीएस्सी अॅग्री किंवा हॉर्टिकल्चर आणि मग फळशास्त्रात एमएस्सी. ठाण्या-मुंबईत राहूनच करायचं असेल तर मायक्रोबायोलॉजी किंवा केमिस्ट्रीत बीएस्सी करा, नंतर पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये वाइन आणि अल्कोहोल टेक्नॉलॉजीचं पुढचं शिक्षण आहे. तिथे मांजरीलाच आयसीएआरचं (भारतीय कृषी संशोधन परिषदेचं) राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, 1997 पासूनचं. फॉरेनचा खर्च झेपत असेल तर जरूर जा, पण आधी एक हंगाम तरी इथल्या बागेत काढा, नाहीतर तिथे शिकवलेलं काय इथे लागू होत नाही हे कळायलाच दोन-तीन वर्षं जातील.

आणि आत्ताच काही करून बघायचं असेल तर सप्टेंबरात नाशिक किंवा सांगलीकडच्या ओळखीच्या बागायतदाराकडून चार-पाच काड्या मागवा. ते लोक फळ छाटणीआधी लॅबमध्ये काडी तपासणी करून घेतात, कितव्या डोळ्यावर छाटायचं हे ठरवायला. आपण ते कॉलेजच्या डिसेक्टिंग मायक्रोस्कोपखाली करू शकतो, डोळा ब्लेडने पातळ-पातळ कापत जायचा, खवले काढायचे, आणि आत बघायचं की कोंब जाडसर, फांद्या फुटलेला आहे का बारीक आणि निमुळता. जाडसर असेल तर तो घड. काडीच्या बुंध्यापासून डोळ्यांना नंबर द्या आणि कुठल्या नंबरला काय दिसलं ते वहीत लिहून ठेवा, म्हणजे बागायतदाराला फोन करून विचारता येईल की तुम्ही कितव्या डोळ्यावर छाटलंत.